फोटोला हळद लागली!

एक सोप्पा प्रश्न. लंच टाइमला डब्यातल्या वरणाचा थेंब नव्याकोऱ्या पांढऱ्या कुर्त्यावर पडला, तर तुम्ही काय करता? आधी टिश्यू पेपर, मग पाणी, मग वॉशरूममधला लिक्विड सोप... आणि सोप लागल्याबरोबर तो पिवळा डाग चक्क लाल होतो. बरोबर? मग आरडाओरडा, मग लॉन्ड्री आणि शेवटी 'जाऊ दे, घरात घालू' म्हणत त्या बिचाऱ्या कुर्त्याची बदली.

माझ्या आजीकडे या प्रॉब्लेमचं सोल्यूशन फार पूर्वीपासून आहे. 'साबण लावू नको माय. नुसत्या पाण्यानं धू आन् उनात टाक. ऊन खाऊन टाकतंय हळदीला.' एक-दोन दिवस कडक ऊन दाखवलं की डाग गायब.

हे वाक्य मी लहानपणापासून शंभरदा तरी ऐकलंय. पण या एका वाक्यात आख्खी फोटोग्राफी लपलीय, हे कळायला मला पुण्यात एका वीकएण्ड वर्कशॉपची फी भरावी लागली. आता बोला!

दोन बाटल्यांचा खेळ

झालं असं, की ऑफिसातल्या एका मैत्रिणीने मला ओढत 'सायनोटाइप' शिकायला नेलं. मोबाइलमध्ये अकरा हजार फोटो आणि त्यातला एकही कागदावर नाही, अशी माझी अवस्था. तुमचीही तीच असणार, लाजू नका. म्हटलं, चला, एक रविवार हात घाण करू.

टेबलावर दोन ब्राऊन बाटल्या होत्या. एकीत 100 मिली पाण्यात 25 ग्रॅम फेरिक अमोनियम सायट्रेट, दुसरीत 100 मिली पाण्यात 10 ग्रॅम पोटॅशियम फेरिसायनाइड. 'सायनाइड' ऐकून आमच्यातला एक जण दोन पावलं मागे सरकला! पण हे ते डिटेक्टिव्ह कादंबरीतलं सायनाइड नव्हे. त्यातलं सायनाइड लोखंडाशी घट्ट बांधलेलं असतं. फक्त स्ट्राँग अॅसिडजवळ ते न्यायचं नाही, हातात ग्लोव्ह्ज घालायचे आणि स्वयंपाकाची भांडी वापरायची नाहीत. मंद दिव्याच्या उजेडात दोन्ही द्रावणं समान मिसळायची, ब्रशने कागदावर फिरवायची, अंधारात वाळवायची. वर निगेटिव्ह किंवा एखादं पान ठेवून उन्हात पाच-दहा मिनिटं. मग नळाखाली. पिवळट-हिरवा रंग वाहून जातो आणि कागदावर उमटतो तो गर्द निळा. 'ब्ल्यूप्रिंट' हा शब्द आपण प्रत्येक मीटिंगमध्ये फेकतो ना, तो इथूनच आला. इंजिनीअर लोक नकाशांच्या कॉप्या याच पद्धतीने काढायचे.

ही शोधून काढणारा माणूस म्हणजे जॉन हर्शेल. मूळचा खगोलशास्त्रज्ञ. वर्ष 1842. लगेच पुढच्या वर्षी, 1843 मध्ये, अॅना अॅटकिन्स या बाईंनी समुद्रातल्या शेवाळांचं पुस्तक याच निळ्या प्रिंट्स वापरून काढायला सुरुवात केली. फोटोंनी सजलेलं जगातलं पहिलं पुस्तक म्हणून ते ओळखलं जातं. आपल्याकडेही फार उशीर झाला नाही. 1854 साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे भाऊ डॉ. नारायण दाजी त्यात होते. डॉक्टर मंडळी फोटोग्राफीत काय करत होती? तर त्या काळात फोटोग्राफर म्हणजे अर्धा केमिस्टच. रसायन स्वतः कालवायचं, काच स्वतः माखायची, ती ओली आहे तोवर फोटो काढून डेव्हलप करायची. क्लिक करणं हा त्यातला सगळ्यात छोटा भाग!

वर्कशॉपच्या शेवटी सांगितलं गेलं, 'घरचा एखादा जुना फोटो असेल तर स्कॅन करा, प्लास्टिक शीटवर निगेटिव्ह प्रिंट करा आणि ट्राय करा.' माझ्या डोळ्यासमोर एकच फोटो आला.

पेटीतला फोटो

आमचं गाव हिंगोली जिल्ह्यात, वसमत तालुक्यात. आजीच्या पत्र्याच्या पेटीत, लुगड्यांच्या घडीखाली एक ब्लॅक अँड व्हाइट फोटो आहे. औंढा नागनाथला, महाशिवरात्रीच्या यात्रेत काढलेला. मागे पडद्यावर रंगवलेला महाल, पुढे खुर्चीवर आजोबा आणि बाजूला उभी आजी, डोक्यावरून पदर, चेहऱ्यावर प्रचंड राग. (फोटोवाल्याने 'हलू नका' म्हटलेलं तिला आवडलं नव्हतं म्हणे.) दोघांचा एकत्र असा हा एकच फोटो. आजोबा गेले तेव्हा बाबा चौथीत होते. म्हणजे मी आजोबांना पाहिलंय ते फक्त या फोटोत. आणि गेल्या दोन पावसाळ्यांत फोटोला बुरशी लागली. आजोबांच्या कानापासून सुरुवात करून ती आता डोळ्यापर्यंत आलीय.

मी किती वेळा म्हटलं, 'आजी, मोठा करून फ्रेम करू, हॉलमध्ये लावू.' दरवेळी उत्तर एकच. 'भिंतीवर नको माय. भिंतीवर गेलं की हार घालतेत.' मी म्हटलं, आजोबांना घालू की. तर म्हणाली, 'एकाच फोटूत दोघं हाव. एकाला हार घालायचा आन् एकाला नाही, कसं करशील?'

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तुमच्याकडे असलं तर सांगा.

'निळे कामून केलेस?'

धुळवडीला जोडून सुट्टी घेतली. ट्रॅव्हल्सच्या स्लीपरमध्ये उशाशी दोन ब्राऊन बाटल्या आणि निगेटिव्हची शीट. फोटो मी दिवाळीतच मोबाइलवर नीट स्कॅन करून ठेवला होता.

मार्चमध्ये आमच्याकडे यायचं तर नाक उघडं ठेवून या. हळद काढून झालेली असते, शिवारात कुकर लावून ती शिजवणं चालू असतं आणि खळ्यावर हळकुंडं वाळत पडलेली असतात. वाळली की ड्रममध्ये घालून पॉलिश, मग पोती भरून बाजार. 1999 साली परभणीतून वेगळा झालेला हा आमचा छोटासा जिल्हा. पुण्यात 'हिंगोली' म्हटलं की लोक 'सांगली?' विचारतात. पण 2024 मध्ये वसमतच्या हळदीला जीआय मानांकन मिळालं, तेव्हापासून मी जरा कॉलर ताठ करून सांगते.

तर पहिल्याच दिवशी माजघरात अंधार करून मी कागद माखला, गच्चीवर ऊन दाखवलं आणि बोअरच्या पाण्यात धुतला. निळा रंग आला, पण पुण्यासारखा गर्द नाही, फिका, विटलेला. आमचं बोअरचं पाणी जड, क्षाराचं. आणि सायनोटाइपच्या निळ्याला क्षार अजिबात चालत नाही, तो उडतो. हे वर्कशॉपच्या नोट्समध्ये होतं. नोट्स पुण्यात होत्या!

आजीने कागद लांब धरून पाहिला. 'निळे कामून केलेस आम्हाला? किसनदेव हाव का?'

मी हिरमुसले. त्यात घाईघाईत जेवताना भाजीचा रस्सा ओढणीवर सांडला. उठून साबण शोधू लागले, तर मागून ठरलेलं वाक्य आलं. 'साबण लावू नको माय. ऊन खाऊन टाकतंय हळदीला.'

हातातली ओढणी तशीच राहिली. ऊन हळदीला खातं. म्हणजे जिथे ऊन लागेल तिथे पिवळा जाणार, जिथे सावली असेल तिथे राहणार. अगं, हाच तर फोटो! आणि साबणाने लाल होतं, म्हणजे क्षाराने लाल होतं. ज्या पाण्याने माझा निळा घालवला, तसल्याच पाण्याने हळद उलट उठून दिसणार. आणि मी केमिकल पुण्याहून घेऊन आले होते, जिथे काकांच्या खळ्यावर पोत्यांनी पडलं होतं!

हळदीचं रसायन, घरच्या घरी

नंतर वाचलं तेव्हा कळलं, की यालाही नाव आहे. 'अँथोटाइप', म्हणजे वनस्पतीच्या रंगाने केलेला फोटो. आणि याच्यावर कोणी काम केलं होतं? त्याच हर्शेलने, त्याच 1842 च्या लेखात! फुलांचे रस कागदाला लावून तो उन्हात ठेवायचा. काही रंग उडायला दिवस लागायचे, काहींना आठवडे. त्या मानाने आपली हळद म्हणजे एक्स्प्रेस डिलिव्हरी. काही तासांत काम तमाम.

कारण सोपं आहे. हळदीचा पिवळा रंग कुरकुमिनमुळे. हे द्रव्य 1815 मध्ये पहिल्यांदा वेगळं काढलं गेलं. त्याचा रेणू म्हणजे एक लांब साखळी आणि त्या साखळीमुळेच तो आपल्याला पिवळा दिसतो. उन्हाने साखळी तुटते, तुकडे होतात आणि तुकड्यांना रंग नसतो. गंमत म्हणजे त्या तुकड्यांत व्हॅनिलीनही असतं. हो, तेच, आइस्क्रीमच्या वासाचं.

करून बघायचंय? लिहून घ्या.

काय लागेल: दोन मोठे चमचे शुद्ध हळद पावडर, 100 मिली सर्जिकल स्पिरिट (औषधाच्या दुकानात मिळतं), जुनं सुती फडकं, रुंद ब्रश, वॉटरकलरचा जाड कागद, फोटो फ्रेमची काच आणि चमचाभर टाकणखार.

कसं करायचं: हळद पाण्यात नीट विरघळत नाही, स्पिरिटमध्ये विरघळते, म्हणून पाणी वापरायचा मोह टाळा. काचेच्या बरणीत हळद आणि स्पिरिट घालून ढवळा, झाकण लावून अर्धा तास ठेवा आणि फडक्यातून दोनदा गाळा. गाळ राहिला तर कागदावर ठिपके येतात. (माझ्या पहिल्या कागदावर आजोबांना देवी आल्यासारख्या दिसत होत्या.) स्पिरिट पेट घेतं, तेव्हा गॅस, निरांजन, उदबत्ती सगळं लांब, आणि खिडकी उघडी. जिथे ऊन थेट येत नाही अशा खोलीत ब्रशने एकसारखा हात फिरवा. स्पिरिट भरकन उडतं, त्यामुळे रेंगाळू नका. वाळला की दुसरा हात. कागद पूर्ण वाळेपर्यंत अंधारात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. सायनोटाइपला निगेटिव्ह लागते, पण हळदीला पॉझिटिव्ह. कारण इथे ऊन रंग आणत नाही, रंग घालवतं. मी उत्साहाच्या भरात हातातली निगेटिव्हच लावली. तीन तासांनी आजीने पाहिलं आणि म्हणाली, 'भुतं दिसायलेत.' खरंच दिसत होती. चेहरे काळपट, केस पांढरे. मग मोटरसायकलवर वसमत गाठलं. झेरॉक्सवाल्या दादांनी पारदर्शक शीटवर सरळ फोटो काढून दिला.

शीट कागदावर, वर काच, बाजूंना चिमटे आणि कडक उन्हात. आमच्याकडच्या मार्चच्या उन्हाला तीन तास पुरले. तुमच्याकडे जास्तही लागतील. कोपरा उचलून बघत राहा. शेवटी कोमट पाण्याच्या कपात चमचाभर टाकणखार विरघळवून ते पाणी कागदावर हलकेच फवारा. पिवळा होता तो भाग बघता बघता तांबडा होतो. मग साध्या पाण्यातून एकदा काढून सावलीत वाळवा. टाकणखार काष्ठौषधीच्या दुकानात मिळतो. तो पोटात जाऊ देऊ नका, मुलांपासून लांब ठेवा आणि ती बरणी-ब्रश पुन्हा किचनमध्ये नेऊ नका. एवढंच.

वाळवण

दुसऱ्या दिवशी दहा वाजता मी काच गच्चीवर ठेवली. खाली यायला वळले तर आजी जिन्यावर. हातात काठी.

'तू कशाला वर आलीस? गुडघे दुखतील.'

'कावळे येतेत.'

कुरडया-पापड वाळत घातले की ती अशीच राखण बसते. पदर डोक्यावर ओढून, काठी मांडीवर. त्या दिवशी तीन तास ती फोटोची राखण बसली. मी शेजारी. एरवी फोनवर आमचं बोलणं म्हणजे 'जेवलीस का', 'जेवले', 'कधी येतीस', 'बघू'. त्या तीन तासांत मला कळलं, की त्या यात्रेला ते दोघं बैलगाडीने गेले होते. फोटोचे पैसे आजोबांनी बाजारातल्या हिशोबातून लपवून काढले होते. आणि फोटो हातात आल्यावर ते म्हणाले होते, 'पुढल्या साली हसरा काढू.' पुढल्या साली पाऊस नव्हता, यात्रेला जाणं झालं नाही.

एक वाजता आम्ही काच उचलली. कागदावर फिकट पिवळ्यात गडद पिवळा. ओळखू येत होतं, पण जेमतेम. टाकणखार त्या दिवशी गावात मिळाला नव्हता. आजी आत गेली आणि पापडखाराची पुडी घेऊन आली. तोही क्षारच. वाटीत पाणी करून मी बोटांनीच हलकेच शिंपडलं.

आधी महालाचे खांब लाल झाले. मग खुर्ची. मग आजीचा पदर. आणि मग आजोबांचा चेहरा, पूर्ण, दोन्ही डोळ्यांसकट. (कबूल, स्कॅनमध्ये बुरशीचा डाग मी मोबाइलवरच पुसला होता. 1842 आणि आजचं अॅप, दोघांना थँक्यू.)

आजी काही बोलली नाही. जरा वेळाने म्हणाली, 'कुंकू असंच करतेत. हळदीचंच असतंय.'

खरंय. सोलापूर जिल्ह्यातलं केम कुंकवासाठी ओळखलं जातं. तिथे काय किंवा जुन्या काळी घरोघरी काय, मूळ रीत हीच. हळदीवर क्षाराचा संस्कार केला की ती लाल होते. मला हे तेव्हा माहीतही नव्हतं.

तिने ओल्या कागदाच्या कडेला बोट टेकवलं. बोटाला लाल लागलं. ते तिने थोडा वेळ तसंच धरलं, बघितलं आणि मग पदराला पुसलं. बाबा चौथीत होते तेव्हापासून तिच्या कपाळाला कुंकू नाही. मी दुसरीकडे बघत काच पुसत बसले.

टिकणार किती?

आता वाईट बातमी. हा फोटो टिकत नाही.

ब्लॅक अँड व्हाइट फोटो टिकतो, कारण त्याला 'फिक्स' करता येतं. हायपो नावाच्या रसायनात बुडवलं की उरलेली चांदीची संयुगं निघून जातात आणि मग उजेड त्याचं काही बिघडवू शकत नाही. हा हायपोचा उपाय जगाला कोणी सुचवला? पुन्हा हर्शेलनेच, 1839 मध्ये. यात्रेतला आजीचा फोटो इतकी वर्षं राहिला तो त्याच्याच कृपेने. पण त्याच माणसाला फुलांचे रस फिक्स करायची युक्ती काही सापडली नाही. हळदीलाही ती नाही. सायनोटाइप उजेडाने फिका पडला तर अंधारात ठेवून बराचसा परत येतो. हळदीचा गेलेला रंग परत येत नाही. ज्या उजेडात तुम्ही तो बघता, तोच उजेड त्याला थोडाथोडा खात असतो.

पुण्याला निघताना मी हे आजीला सांगितलं. वाटलं, खट्टू होईल. ती म्हणाली, 'मंग भिंतीवर लावायचा नाहीच ना?'

'नाही.'

'पेटीतच ठेवायचा?'

'हो.'

'मंग ठीक हाय.' आणि तिने तो लुगड्याच्या घडीत, जुन्या फोटोच्या वर ठेवून दिला.

पुण्यात आल्यावर मी टाकणखार आणून दुसरी प्रिंट केली. पापडखारापेक्षा तिचा रंग जास्त बसला. ती काळ्या कागदाच्या पाकिटात, माझ्या कपाटाच्या खणात आहे. स्कॅन तर क्लाउडवर आहेच, तो कुठे जात नाही. खरं सांगू? तो मी मार्चपासून एकदाही उघडलेला नाही. पाकीट मात्र रोज आठवतं. काढू का, असं वाटतं. मग राहू दे, असंही वाटतं.

गेल्या रविवारी फोन केला. नेहमीचं 'जेवलीस का' झालं. मग तिने विचारलं, 'फोटू पाह्यलास का?'

म्हटलं, 'नाही. तू?'

'मीबी नाही. तू आलीस की दोघी मिळून पाहू.' आणि मग थांबून, 'कधी येतीस?'

या वेळी 'बघू' म्हटलं नाही. शुक्रवारच्या रात्रीच्या ट्रॅव्हल्सचं तिकीट काढलंय.